जुनी गाडी ऑइल खाते की गळते, आणि तो आवाज नक्की कुठला?

वापरलेली, वय झालेली गाडी हाताशी आली की दोन तक्रारी ठरलेल्या असतात. एक, ऑइल कमी होतंय. दोन, कुठूनतरी खडखड येतेय. बहुतेक जण यांना दोन वेगळी दुखणी समजतात आणि दोन वेगळ्या दिशांना पैसे ओतत सुटतात. खरं तर दुसरी तक्रार अनेकदा पहिलीच्याच पोटी जन्मलेली असते. हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) आणि टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा) हे बहुतेक गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालतात. बेअरिंग तर ऑइलच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगतात. पातळी घसरली की आधी हे भाग बोलायला लागतात.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी ऑइल किती आहे ते बघा, मग ते किती वेगाने जातंय ते मोजा, मग कुठून जातंय ते शोधा, आणि त्यानंतर आवाजाकडे वळा. पान्हा सगळ्यांत शेवटी.

डिपस्टिक नीट वाचा

गाडी सपाट जागी हवी. इंजिन बंद करून किमान दहा मिनिटं जाऊ द्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं सकाळी बघितलं तर सगळ्यांत उत्तम, कारण वर राहिलेलं ऑइल तोवर चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरलेलं असतं. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. दोन्ही बाजू बघा. एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे कमी दिसलं तर कमी असलेली बाजू खरी धरा, कारण नळीच्या आतल्या भिंतीला लागलेलं ऑइल एका बाजूला फासलं जातं. खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरचा फरक असतो. (काही गाड्यांत इंजिन गरम असताना बघायला सांगितलेलं असतं, तेव्हा गाडीचं पुस्तक एकदा उघडाच.)

रंगावरून फार निष्कर्ष काढू नका. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर थोड्याच अंतरात काळं होतं, त्यात काही बिघडलेलं नसतं. थेंब बोटांत घेऊन उन्हात धरा, ते जास्त बोलकं आहे. बारीक चकाकी दिसली तर कुठेतरी धातू झिजतोय. पेट्रोलचा उग्र वास आला तर इंधन ऑइलमध्ये उतरतंय. आणि पातळी कमी होण्याऐवजी वाढत असेल तर खूश होऊ नका. डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाड्यांत छोट्या छोट्या फेऱ्यांमुळे न जळलेलं डिझेल चेंबरमध्ये जाऊन पातळी चढते, आणि असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंगचं रक्षण करत नाही.

ऑइल ओतायच्या झाकणाच्या आत पिवळट साय दिसली की ‘हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेली’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. थांबा. इंजिन पूर्ण तापत नाही अशा छोट्या फेऱ्यांत वाफेचं पाणी तिथे साठतं आणि अशीच साय धरते. झाकण पुसून घ्या, गाडी लांबवर चालवून इंजिन व्यवस्थित तापू द्या आणि पुन्हा बघा. साय परत आली, डिपस्टिकवरचं ऑइलही दुधट दिसलं आणि कूलंट कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर यांपैकी एक फुटलंय. ती गाडी चालवायची नाही, उचलून न्यायची.

किती जातंय, ते आकड्यात आणा

‘फार ऑइल खाते’ या वाक्याला काही अर्थ नाही. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा, मीटरचा आकडा लिहून ठेवा, १००० किलोमीटर चालवा (अर्थात अधूनमधून पातळी बघत), आणि त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा तपासा. मापाच्या बाटलीतून पुन्हा वरच्या खुणेपर्यंत भरायला जितकं लागलं, तितकी गाडीची भूक. खुणेच्या वर भरू नका. क्रँक (खाली फिरणारा मुख्य दांडा) त्या ऑइलला घुसळून फेस करतो, फेसात दाब टिकत नाही.

कंपन्यांच्या पुस्तकांत १००० किलोमीटरला अर्ध्या ते एक लिटरपर्यंतची मर्यादा अनेकदा ‘चालण्यासारखी’ म्हणून दिलेली असते. माझं मत जरा कडक आहे. हजार किलोमीटरला पाव लिटर जात असेल आणि गाडी जुनी असेल, तर ओतत राहा आणि विसरून जा. अर्धा लिटर जात असेल तर शोध घ्यायला लागा. एक लिटर म्हणजे नक्की काहीतरी गेलंय, पण तेव्हाही लगेच इंजिन उतरवायला हो म्हणू नका. वीस मिनिटांत बदलता येणारा एक व्हॉल्व्हही एवढं ऑइल पळवू शकतो. त्याबद्दल पुढे.

डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. बहुतेक स्विच दाब अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहून खाली घसरला की दिवा लावतात, म्हणजे तोवर उशीर झालेला असतो. धावत्या गाडीत हा दिवा लागला तर बाजूला घ्या आणि लगेच इंजिन बंद करा. ‘गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे’ हा हिशेब इंजिन जाम करतो. फक्त गरम इंजिनात, आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) दिवा लुकलुकत असेल तर चार शक्यता: पातळी कमी, ऑइल चुकीचं, बेअरिंग झिजलेली, किंवा स्विचच खराब. स्विच काढून त्याच भोकात यांत्रिक गेज लावला की वाद मिटतो. गरम इंजिनात दर १००० आरपीएमला साधारण १० पीएसआय, असा जुना ठोकताळा आहे. नेमका आकडा त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलचा.

गळती: वरून खाली शोधा

रात्री गाडीखाली मोठा, स्वच्छ पुठ्ठा सरकवा आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागेच्या खुणा करा, म्हणजे सकाळी डाग इंजिनाच्या कोणत्या भागाखाली पडलाय ते कळेल. मग डाग वाचा. तपकिरी किंवा काळा, बोटाला चिकट: इंजिन ऑइल. लालसर: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा पॉवर स्टिअरिंग. जाड आणि गंधकासारखा उग्र वास: गिअर ऑइल. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी, वास गोडसर: कूलंट. फिकट पिवळा आणि चाकाच्या आतल्या बाजूला: ब्रेक फ्लुइड, आणि तसं असेल तर गाडी हलवू नका. निव्वळ पाणी असेल तर तो एसीचा निचरा आहे, त्याला काही करायचं नाही.

डाग पडला ती गळतीची जागा नव्हे. ऑइल उतारावरून वाहतं, आणि गाडी चालताना वारा ते मागे ढकलतो. म्हणून इंजिन आधी डिग्रीझरने धुऊन कोरडं करा (अल्टरनेटर आणि कनेक्टर झाकून, इंजिन थंड असताना), थोडं चालवून आणा आणि टॉर्च घेऊन बघा. सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत पुढची ओली जागा हीच आरोपी. थेंब फारच सावकाश झिरपत असेल तर संशयित सांध्यावर टाल्कम पावडर उडवा. ओली रेघ लगेच उठून दिसते. तेही जमलं नाही तर ऑइलमध्ये घालायचा अतिनील प्रकाशात चमकणारा डाय मिळतो. गाडीखाली जायचं असेल तर ती स्टँडवर हवी, नुसत्या जॅकच्या भरवशावर अजिबात नको.

माझ्या संशयितांच्या यादीत पहिलं नाव टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगचं. रबर कडक होतं आणि ऑइल इंजिनाच्या मागच्या अंगाने खाली ओघळतं. एक्झॉस्टवर थेंब पडला तर सिग्नलला उभं राहिल्यावर ब्लोअरमधून जळका वास येतो. त्या गळतीला आगीचा धोकाही असतो, म्हणून ती टाळू नका. पेट्रोल गाडीत हेच पॅकिंग आतल्या बाजूने गेलं तर स्पार्क प्लग बसतो त्या खोल विहिरीत ऑइल साठतं आणि गाडी मिसिंग करते. कॉइल बदलून बदलून थकलेल्या लोकांनी प्लगची विहीर एकदा बघावी.

त्यानंतर ऑइल फिल्टर (जुना रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिला आणि त्यावर नवा चढवला, हे अगदी नेहमीचं), ड्रेन बोल्टचा वॉशर, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टर हाउसिंगचं पॅकिंग. मग कॅम आणि क्रँकची पुढची सील, चेंबरचं पॅकिंग. टर्बो असेल तर त्याची ऑइल परतीची नळी.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडावरून, बेल हाउसिंगच्या तळाशी थेंब लोंबताना दिसला की क्रँकच्या मागच्या सीलचं नाव घेतलं जातं. सील स्वस्त, पण तिथे पोहोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि मजुरी त्याचीच असते. म्हणून हा निकाल लावायच्या आधी टॅपेट कव्हरची मागची कड आणि प्रेशर स्विच कोरडे आहेत ना ते बोट फिरवून बघा. दोन्हीकडचं ऑइल गुपचूप त्याच जोडावर उतरतं. त्या थेंबाचा वासही घ्या, तो गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलचाही असू शकतो. खरोखरच मागची सील असेल आणि रात्रीत दोनचार थेंबच पडत असतील, तर क्लच बदलायची वेळ येईपर्यंत थांबा. गिअरबॉक्स तेव्हा उतरणारच आहे.

एकाच वेळी चार ठिकाणांहून गळत असेल तर चार सील बदलू नका. पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा. रिंगांच्या (पिस्टनभोवतीच्या कड्यांच्या) फटीतून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो, आणि तो परत इनटेकमध्ये नेणारी ही वाट. ती तुंबली की आतला दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या सांध्यातून बाहेर पडतं. तपासणी सोपी आहे. पेट्रोल गाडी आयडलला ठेवा, ऑइल ओतायचं झाकण काढा आणि तोंडावर कागद ठेवा. बहुतेक इंजिनांत कागद हलकासा ओढला जातो. तो उडून गेला, किंवा तिथून वाफाळता धूर भकभक येत असेल, तर एक तर वाट तुंबलीय किंवा रिंगा गेल्यात. वाट स्वस्त, म्हणून आधी ती.

खाली काहीच पडत नाही, तरी ऑइल जातंय

मग ते जळतंय. धुराचा रंग बघा, पण कधी येतो ते जास्त महत्त्वाचं. रात्रभर उभी गाडी चालू केल्यावर निळसर धुराचा एक लोट आला आणि मग थांबला, तर व्हॉल्व्हच्या सील कडक झाल्यात. ऑइल रात्रीत थेंबथेंब सिलिंडरमध्ये उतरलेलं असतं. लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून आलात आणि खाली पुन्हा दाबल्यावर मागे निळा ढग आला, तरी बोट त्याच सीलकडे आणि व्हॉल्व्हच्या गाइडकडे. चढावर, जोर लावल्यावर सतत निळा धूर म्हणजे रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत). पांढरा आणि गोडसर वासाचा असेल तर कूलंट जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त. त्याचा ऑइलशी संबंध नाही.

धूर दिसत नाही म्हणजे ऑइल जळत नाही असं मात्र नाही. एक्झॉस्टमधला चांगला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराच धूर गिळतो, आणि काही काळाने स्वतःच त्या ऑइलने निकामी होतो.

पेट्रोल गाडीत पुढचं काम प्लग काढण्याचं. ते क्रमाने मांडा. चारपैकी एकच प्लग ओला आणि काळा असेल तर दुखणं त्या एका सिलिंडरचं. चारही तसेच असतील तर पीसीव्ही किंवा एकूणच झीज. मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, गेज लावून मोजा. बॅटरी भरलेली, इंधन पंपाचा फ्यूज आणि इग्निशन बंद, सगळे प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा फेरे. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ बार दिसतं. आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा, तो पंधरा-वीस टक्क्यांच्या वर नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा. तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. डिझेलचा दाब याच्या दुपटीच्या आसपास किंवा जास्त असतो आणि त्याला वेगळा गेज लागतो, ते काम गॅरेजवर सोडा.

इथे एक मेख आहे. कॉम्प्रेशन उत्तम आलं म्हणून रिंगा निर्दोष ठरत नाहीत. दाब धरणाऱ्या रिंगा वरच्या. ऑइल खरवडणारी रिंग खालची. ती कार्बनने जागीच चिकटली तर गाडी जोरात पळते, कॉम्प्रेशन पुस्तकातल्यासारखं येतं आणि ऑइल मात्र जातच राहतं. अशा इंजिनावर वेळच्या वेळी, योग्य प्रतीचं ऑइल बदलत राहणं हा पहिला उपाय. कधी फरक पडतो, कधी नाही.

आवाज: ‘कसा’ नंतर, ‘केव्हा’ आधी

आवाजाचं वर्णन शब्दांत करणं अवघड. तो केव्हा येतो हे सांगणं सोपं, आणि उपयोगही त्याचाच जास्त. पहिला प्रश्न: आवाज इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वाढतो की गाडीच्या वेगाबरोबर? उभ्या गाडीत रेस करून आवाज आला तर तो इंजिनाचा किंवा बेल्टचा. उभ्या गाडीत येत नसेल तर रिकाम्या, सपाट रस्त्यावर, इंजिन चालूच ठेवून, क्षणभर न्यूट्रल करा. आरपीएम खाली आलं तरी आवाज तसाच राहिला तर तो चाकांकडचा आहे. दुसरा प्रश्न: थंड असताना की गरम झाल्यावर? तिसरा: जोर लावताना की सोडताना?

वरच्या अंगाची हलकी टिकटिक घ्या. थंड इंजिन चालू केल्यावर काही सेकंद टिकटिक आणि मग शांत: हायड्रॉलिक टॅपेटमध्ये ऑइल भरायला लागलेला वेळ. तो वेळ लांबत चालला असेल तर पातळी आणि ऑइलचा ग्रेड (ते किती जाड-पातळ आहे) तपासा. टिकटिक कायमची असेल आणि टॅपेट साधे असतील तर फट मोजून लावून घ्या. इंजेक्टरही टिकटिकतात, आणि तो त्यांचा धर्मच आहे. फसवणारा आवाज एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा: थंडीत खणखणीत टकटक, आणि तापल्यावर धातू प्रसरण पावून फट मिटली की गायब. हुबेहूब टॅपेट वाटतो. मॅनिफोल्डच्या बोल्टांजवळ काजळीचे फराटे दिसले की ओळख पटली. तो धूर केबिनमध्ये येऊ शकतो, म्हणून त्याला रेंगाळत ठेवू नका.

आता खालचा आवाज. जड, खोल ठोका. रेस वाढवून हलकेच सोडताना जास्त स्पष्ट. तो बिग एंड बेअरिंगचा, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो तिथल्या बेअरिंगचा, असू शकतो. साध्या पेट्रोल इंजिनात खात्री करायची तर इंजिन बंद करून एका सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढा, चालू करा, ऐका. मग बंद करून पुढचा. ज्या सिलिंडरला ठोका मऊ पडतो, बेअरिंग त्याची. हे निघालं तर गाडी तिथेच थांबवा. बेअरिंग बदलून भागणारं काम आणि कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येणं, यांत कधी कधी एका फेरीचंच अंतर असतं. थंडीत भोंगळ खडखड आणि तापल्यावर शांत असेल तर पिस्टन बोअरमध्ये डुलतोय. तो आवाज कानाला वाईट, पण गाडी तशीच वर्षानुवर्षं चालू शकते.

इंजिन चालू होताच टायमिंगच्या बाजूने दोन सेकंद साखळी खुळखुळल्यासारखा आवाज म्हणजे चेन सैल किंवा टेन्शनर थकलेला. हा दुर्लक्ष करण्याचा आवाज नाही. चेनने दात सोडला तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.

आवाज नेमका कुठून येतो ते ऐकायला लांब स्क्रू ड्रायव्हर पुरतो. टोक अल्टरनेटरच्या अंगावर टेकवा, मूठ कानामागच्या हाडाला लावा. निरोगी बेअरिंग एकसुरी सळसळते. गेलेली बेअरिंग वाळू दळल्यासारखी कुरकुरते. मग वॉटर पंप, बेल्टची आयडलर पुली, टेन्शनर. सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस बेल्टपासून दूर. बेल्ट किंचाळत असेल तर त्याच्या खाचांवर पाण्याचा हलका फवारा मारा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली सरळ रेषेत नाहीत किंवा बेल्ट झिजलाय. आवाज वाढला तर ताण कमी पडतोय.

चाकांकडचं पटकन सांगतो. वेगाबरोबर वाढणारी घरघर डावीकडे वळताना वाढली तर भार उजवीकडे गेलाय, म्हणजे उजवी व्हील बेअरिंग. रस्त्याचा पृष्ठभाग बदलल्यावर आवाज बदलला तर मात्र टायरच. पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू फिरताना कटकट आली तर चाक फिरवणाऱ्या दांड्याचा बाहेरचा सीव्ही जॉइंट, आणि त्याचं रबरी बूट बहुधा फाटलेलं असतं. क्लच दाबल्यावर सुरू होणारा आवाज रिलीज बेअरिंगचा, दाबल्यावर थांबणारा गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगचा. ठराविक आरपीएमलाच झणझणणारा पत्रा बहुधा सायलेन्सरवरचं हीट शील्ड असतं. एक क्लॅम्प लावला की काम झालं.

जाड ऑइल, बाटलीतलं औषध आणि गाडी बघायला जाताना

५डब्ल्यू-३० या पातळ ग्रेडसाठी बनवलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल ओतलं की ठोका दबतो आणि खपतही कमी होते, हे खरं. पण थंडीत ते ऑइल वरच्या टॅपेटपर्यंत पोहोचायला वेळ लावतं, आणि झीज बरीचशी याच पहिल्या सेकंदांत होते. पुस्तकात दिलेल्या ग्रेडपैकी सगळ्यांत जाड निवडा, त्याच्या पलीकडे जाऊ नका. गळती थांबवणारी औषधं कडक झालेल्या रबरी सीलला थोडी मऊ करतात. फुटलेल्या पॅकिंगवर त्यांचा काही इलाज नाही.

विकणाऱ्यालाही ही जाड ऑइलची युक्ती माहीत असते. म्हणून जुनी गाडी बघायला जाताना आधीच सांगून ठेवा: इंजिन थंड हवं. पोहोचल्यावर बॉनेट उघडून टॅपेट कव्हरला सावधपणे हात लावा. कोमट लागलं तर कारण विचारा, आणि दुसऱ्या दिवशी परत या. इंजिन नुकतंच चकाचक धुतलेलं असेल तर गळतीचा पुरावाही धुतला गेलाय, तेव्हा लांब चक्कर मारून आल्यावर टॉर्चने पुन्हा बघा. चालू करताना एक जण कान देऊन पुढे उभा राहू दे, दुसरा सायलेन्सरकडे नजर ठेवून मागे. पहिली दहा सेकंदं कोणी बोलायचं नाही, रेडिओ बंद.